गोठलेलं चिकन थेट गॅसवर: नक्की धोका कशात आहे?

रात्रपाळी

मी रात्रपाळी करून घरी येते तेव्हा फ्रीझरमधलं चिकन दगडासारखं असतं. ते आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायला हवं होतं, हे मला माहीत आहे. पण आदल्या रात्री मी घरात नव्हते.

म्हणून गेली दोन वर्षं मी गोठलेलं चिकन थेट शिजवते आहे, आणि दर वेळी ओळखीतलं कुणी ना कुणी सांगतं की ही विषबाधेची तयारी आहे. सांगणाऱ्यांपैकी निम्मे जण स्वतः चिकन सकाळी ओट्यावर काढून ठेवतात आणि दुपारी शिजवतात. हे बरोबर उलटं चाललंय, म्हणून हा धागा.

अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला स्पष्ट आहे. गोठलेलं चिकन गॅसवर किंवा ओव्हनमध्ये थेट शिजवलेलं चालतं. वेळ साधारण दीडपट लागतो. मांसाच्या सगळ्यात जाड भागात, अगदी मध्यावर, ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. स्लो कुकरमध्ये मात्र गोठलेलं घालायचं नाही, कारण तिथे मांस फार वेळ कोमटच राहतं.

ओट्यावर काय होतं? बाहेरचा थर तासाभरात मऊ होतो आणि आत अजून बर्फ असतो. आपण आतल्या बर्फाकडे बघून 'अजून थंडच आहे' म्हणतो, पण ४ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू वाढतात आणि बाहेरचा थर कधीच त्या पट्ट्यात शिरलेला असतो. फ्रीझरने ते मेलेले नसतात, नुसते थांबलेले असतात. बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास, ही मर्यादा किती घरांत पाळली जाते?

माझी पद्धत सांगते. बोनलेस पीस, साधारण अडीच सेंटिमीटर जाड, गोठवतानाच एकमेकांपासून सुटे ठेवलेले. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी उकळायचं, मीठ, लसूण, पीस एका थरात, वर घट्ट झाकण, मध्यम आच. बारा मिनिटांनी उलटवायचे. त्या वेळी बाहेरून ते पांढरेशुभ्र, शिजल्यासारखेच दिसतात. पण थर्मामीटरची सुई आत घातली की मध्यावर टक्कन अडते. तिथे अजून बर्फ असतो. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण डोळ्यांवर भरवसा ठेवला असता तर मी तेव्हाच गॅस बंद केला असता. माझ्याकडे एकूण पंचवीस ते तीस मिनिटं लागतात.

मला विरोधी मतं हवी आहेत, पण कारणासकट.

मंद आच

कारणासकट विरोध करतो. जिवाणूंबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझं भांडण चवीशी आहे, आणि चव ही दुय्यम गोष्ट आहे असं मी मानत नाही.

बर्फाचं पाणी व्हायलाच प्रचंड उष्णता लागते. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापतं. चिकनमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरचा थर बिचारा उकळत बसतो. त्यात आणखी एक अडचण. बर्फातून उष्णता पाण्यापेक्षा जवळपास चौपट सहज वाहते. बाहेरचा थर वितळला की तोच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा बसतो आणि उष्णता आत जायला वेळ लावतो. शेवटी मध्याला ७४ अंश मिळतात तेव्हा कडा वातड झालेल्या असतात.

आणि मीठ? गोठलेल्या मांसात मीठ शिरत नाही. ते पाण्यात राहतं. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवलेला पीस आणि तुमचा पीस शेजारी ठेवून खाऊन बघा, एवढंच म्हणतो.

तव्यावर खरपूस करायचं असेल तर विषयच संपला. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. तोवर तवाभर पाणी सुटलेलं असतं.

रात्रपाळी

तव्यावर खरपूस करायचं असेल तर मीही गोठलेलं घेत नाही, आणि तेलात तर कधीच नाही. तापलेल्या तेलात बर्फ पडला की त्याची क्षणात वाफ होते आणि तेल भांड्याबाहेर उडतं. ती भाजण्याची गोष्ट आहे, चवीची नाही. मी फक्त झाकण ठेवून पाण्यात किंवा ग्रेव्हीत शिजवण्याबद्दल बोलतेय.

वातड कडांचं म्हणणं खरं आहे. मी शिजल्यावर पीस काट्याने सोडवते आणि त्याच पाण्यात पाच मिनिटं मुरू देते. खारट पाणी तेव्हा आत जातं. तुमच्या रात्रभर मुरवलेल्या पिसाची बरोबरी होत नाही, पण सहा वर्षांचं मूल ते पोटभर खातं.

हाडाजवळचा

मला इथे माझा अनुभव लिहायलाच हवा, कारण मी हेच करून आजारी पडलो आहे.

लेग पीस होते, मांडीसकट, एकमेकांना चिकटून गोठलेले. मी तो गोळा तसाच पातेल्यात टाकला. चाळीस मिनिटं उकळलं, वरचं मांस हाडावरून सुटायला लागलं होतं, म्हणून निर्धास्त झालो. माझ्या वाट्याला गोळ्याच्या मधला पीस आला. सांध्यापाशी दात लागला तेव्हा तिथलं मांस रबरासारखं आणि चक्क गार होतं. मी तेवढा घास थुंकला आणि बाकीचा खाल्ला. ही चूक मला अजून बोचते. तिसऱ्या दिवशी ताप आणि पोटात मुरडा, पुढचे पाच दिवस मी अंथरुणावर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की अर्धकच्चं चिकन खाल्लं होतं का.

रात्रपाळी ताई, तुमची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही शीर्षकात 'गोठलेलं चिकन थेट गॅसवर' लिहिलंत. घाईत असलेला माणूस तेवढंच वाचेल आणि माझ्यासारखा गोळा टाकेल.

सूक्ष्मदर्शी

वरचा अनुभव वाचून मला बरंच काही लिहावंसं वाटतंय. माझं काम अन्नातल्या जिवाणूंशी संबंधित आहे.

चिकनमधून येणारे दोन मुख्य शत्रू म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. कॅम्पिलोबॅक्टरची लक्षणं बहुतेकदा दोन ते पाच दिवसांनी दिसतात, त्यामुळे लोक कालच्या जेवणाला दोष देतात आणि खरं कारण तीन दिवस मागे राहतं. दोघेही ७४ अंशांना टिकत नाहीत. ब्रिटनमध्ये ७० अंश आणि दोन मिनिटं असं सांगतात. अर्थ तोच: तापमान आणि वेळ यांचा जोड. थोडं कमी तापमान जास्त वेळ दिलं तरी चालतं, पण घरी ते मोजत बसणं अवघड, म्हणून ७४ हा सोपा आकडा.

आता जाडी. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट. 'दीडपट वेळ' हा नियम त्याच जाडीच्या ताज्या पिसाच्या तुलनेत आहे. चिकटलेल्या गोळ्याला तो लागू पडत नाही, कारण तो आता वेगळ्या जाडीचा पदार्थ झालेला असतो. हाडाजवळचा, तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

रंगावर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी. पांढरं दिसतं म्हणून शिजलं असं नाही. उलट गोठवलेल्या कोवळ्या कोंबडीत हाडातला मगज झिरपून हाडालगतचं मांस काळपट-लाल दिसू शकतं आणि तरी ते पूर्ण शिजलेलं असतं. लोक ते बघून फेकून देतात.

ओट्याबद्दल रात्रपाळी यांच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, आणि एक कारण वाढवतो. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू बाहेर राहिलेल्या अन्नात विष तयार करतो आणि ते विष उकळूनही नष्ट होत नाही. 'नंतर नीट शिजवणार आहे ना' हे उत्तर तिथे चालत नाही.

नवखी

माझ्याकडे थर्मामीटर नाही. मग मी काय करू? आणि वरून पाव-चुऱ्याचं आवरण असलेले, आत सारण भरलेले गोठलेले पीस मिळतात, ते याच नियमात येतात का?

सूक्ष्मदर्शी

ते पीस फार फसवे असतात. आवरण आधीच तळून सोनेरी केलेलं असतं, म्हणून शिजल्यासारखे दिसतात. आत अनेकदा कच्चं मांस असतं. पाकिटावर लिहिलेलीच पद्धत वापरा, गॅसवर स्वतःच्या अंदाजाने करू नका.

मंद आच

थर्मामीटर नसेल तर माझं उत्तर साधं आहे: आधी बर्फ सोडवा. आणि मला कळत नाही की आपण सगळे ओटा किंवा थेट पातेलं, एवढेच दोन पर्याय असल्यासारखं का बोलतोय. चिकन न गळणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवायचं, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अर्धा किलो चिकन तासाभरात मोकळं होतं, पातळ पीस त्याहून लवकर. मग लगेच शिजवायचं. गरम पाणी नको, त्याने पुन्हा ओट्यासारखंच होतं.

म्हणजे तासभर भिजवणं आणि पंधरा-वीस मिनिटं शिजवणं. रात्रपाळी, तुमची तीस मिनिटं धरली तर फरक पाऊण तासाचा आहे. पाऊण तासासाठी एवढी जोखीम आणि एवढी वातड कड?

रात्रपाळी

तो पाऊण तास माझ्यासाठी झोपेचा आहे. बारा तास उभी राहून आलेली असते. थंड पाण्यात पिशवी ठेवून मी बसले की डोळा लागतो. एकदा खरंच लागला होता, आणि उठले तेव्हा पाणी खोलीइतकं कोमट झालं होतं. ते चिकन मी टाकून दिलं. थेट पातेल्यात घातलेलं चिकन निदान तापत तरी असतं. मला जोखीम पाण्याच्या भांड्यात जास्त दिसते, कारण तिथे मी जागी राहीन हे गृहीत धरलेलं आहे.

आणि अजून एक. कच्च्या चिकनचं पाणी कमी ठिकाणी सांडतं. पिशवी फाडा, सिंकमध्ये ओता, हात धुवा, सिंक धुवा, हे सगळं टळतं. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका असं सांगतात तेही याच शिंतोड्यांमुळे.

मंद आच

झोपेचं कारण मी लक्षात घेतलं नव्हतं, ते मागे घेतो. पण मग गॅस चालू ठेवून डोळा लागला तर?

रात्रपाळी

बारा मिनिटांचा गजर लावते आणि स्वयंपाकघरातच उभी राहते. बसत नाही.

हाडाजवळचा

माझा मुद्दा अजून तसाच आहे. थर्मामीटर नसलेल्या माणसाला, म्हणजे नवखी ताईंना, तुम्ही काय सांगणार?

रात्रपाळी

काल रात्रीपासून याचाच विचार करतेय. मला आधी लिहायचं होतं की लहान तुकडे असतील तर मोडून बघितलं तरी पुरतं. पण मीच वर लिहिलंय की बाराव्या मिनिटाला माझा पीस बाहेरून पूर्ण शिजलेला दिसत होता आणि सुई बर्फावर अडली होती. तो मोडून बघितला असता तर बर्फ दिसला असता, हे खरं. पण विसाव्या मिनिटाला बर्फ नसतो आणि मध्य पन्नास अंशांवरही असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही.

त्यामुळे नवखी ताई, थर्मामीटर येईपर्यंत थेट शिजवू नका. मंद आच म्हणतात तसं आदल्या रात्री फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात काढून ठेवा. थर्मामीटर आल्यावर सुई बाजूने, जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला आणि हाडाला टेकू देऊ नका. हाड असलेले पीस मी स्वतः गोठलेले शिजवत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

शीर्षक आता बदलता येत नाहीये. पहिल्या ओळीच्या वर हे टाकतेय: 'फक्त बोनलेस, सुटे, अडीच सेंटिमीटरपर्यंतचे पीस, आणि थर्मामीटर असेल तरच.'

मंद आच

त्यात 'तेलात नाही' हेही टाका.

रात्रपाळी

टाकलं.