बेळगावातून खेळायला फँटसी क्रिकेटची कुठली साइट धरायची?

लेले_ग्राउंड_कट्टा
आम्ही आठजण, सगळे टिळकवाडी-शहापूरकडचे. आयपीएलला रोज खऱ्या खेळाडूंतून आपली एक टीम लावायची आणि त्यांच्या खेळावरून गुण मोजायचे, असा विचार आहे. पूर्वी ४९ रुपयांच्या स्पर्धा असायच्या, तशा आता कुठं मिळतात? टेलिग्रामवर एका एपीकेची (प्ले स्टोअरबाहेरून टाकायच्या अ‍ॅपची) लिंक फिरतेय, ५०० भरले की ५०० बोनस म्हणे. आणि शिनोळीला जाऊन महाराष्ट्राच्या हद्दीत लॉगिन केलं तर चालतंय, असं काहीजण सांगतात. खरं काय?

निपाणीकर
शिनोळीचं आधी, कारण ती गोष्ट एकेकाळी खरी होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकानं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले. मोठी अ‍ॅप लोकेशन बघून अडवायची. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं की तेच अ‍ॅप सुरू. १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द ठरवली आणि तो विषय मिटला.

आताची बंदी केंद्राची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादच त्यात ठेवला नाही. पैसे घेऊन पैसे जिंकायला लावणारा खेळ चालवला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात केली तर २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. ड्रीम इलेव्हननं पैशाच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. तेव्हा हद्द इकडची काय, तिकडची काय, ४९ रुपये मागणारी साइट धरायचीच नाही.

खानापूर_ऑफस्पिन
त्या एपीकेबद्दल. पैसे भरायचं पान उघडून यूपीआयवर नाव कुणाचं येतंय ते बघा. कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव दिसलं, आणि दर खेपेला वेगळं दिसलं, तर ती भाड्यानं घेतलेली खाती. अशा खात्यावर तक्रार झाली की त्याच्याशी व्यवहार केलेल्यांचीही खाती गोठवली जातात. मग ५०० च्या नादात पगाराचं खातं अडकतंय. दुसरं, अ‍ॅप एसएमएस वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचं सगळं वाचायची) परवानगी मागतंय का? क्रिकेटच्या टीमला त्याची गरजच काय! ओटीपी तिथूनच जातो. आणि जिंकलेले काढायला "आधी टॅक्स भरा" म्हणाले तर एक रुपयाही देऊ नका. खरा टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, वरून मागत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येते, नंतर अवघड.

लेले_ग्राउंड_कट्टा
समजलं. मग फुकटातलं कसं निवडायचं? आणि आपापसात शंभर-शंभर काढले तर?

निपाणीकर
शंभर-शंभर नको. क्रिकेट बेटिंगला इथं कर्नाटक पोलीस कायद्याचं कलम ७८ लागतंय. हरणाऱ्यानं चहा पाजायचा, इतकं पुरे.

हिंडलगा_स्कोअरर
फुकटातलं निवडताना मी तीन गोष्टी बघतो: कोडवर चालणारी खासगी लीग (कोड दिलेल्यांनाच येता येईल अशी) आहे का, टॉसनंतर टीम बदलता येते का, आणि राखीव खेळाडूचे गुण कसे धरतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेयर आहे, म्हणजे सामना चालू असताना अकरातल्या एकाच्या जागी राखीव खेळाडू उतरवता येतो. टॉसला अकराजणांसोबत पाच राखीव नावं देतात. आधी फलंदाजी करणारा संघ एखादा मुख्य गोलंदाज राखीवमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या डावात उतरवतो. अकरामध्ये नाव दिसत नाही म्हणून लोक घाईनं त्याला काढतात आणि तोच तीन विकेट घेऊन जातो. रात्रीच्या सामन्याचा टॉस सात वाजता, सामना साडेसातला. हातात तेवढा अर्धा तास.

अ‍ॅप नकोच असेल तर आठजणांना शीट पुरते. नेहमीचा नियम ठेवा: कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. म्हणजे अकराजणांची बेरीज करून त्यात कर्णधाराचे गुण पुन्हा एकदा आणि उपकर्णधाराचे निम्मे मिळवायचे. बेरीज ४१२, कर्णधार ६२, उपकर्णधार ४०, तर ४१२ + ६२ + २० = ४९४. टीमा साडेसातच्या आत ग्रुपवर टाका, मेसेजच्या वेळेवरून भांडण मिटतंय. टाकलेला मेसेज नंतर एडिट केला तर ती टीम बाद, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

शहापूर_विंगर
फुटबॉल चालत असेल तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरची फँटसी प्रीमियर लीग बघा, फुकट आहे, खासगी लीग कोडवर होते. खेळातल्या खोट्या १०० मिलियन पौंडांत १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड; एका क्लबचे जास्तीत जास्त ३. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याला एक बदल मोफत, पुढचा प्रत्येक बदल ४ गुण खातो. आपल्याकडची चूक वेळेची होते. मुदत आठवड्यातल्या पहिल्या सामन्याआधी ९० मिनिटं संपते. शनिवारचा तिथला साडेबाराचा सामना पहिला असेल तर आपली मुदत दुपारी साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडचं घड्याळ एक तास मागं जातंय, मग तीच साडेचार. आणि पहिला सामना शुक्रवारी रात्रीचा असला तर शनिवारी सकाळी टीम लावणाऱ्याचं काम आटोपलेलं असतंय.