मदत हवी आहे: वहीत पाणी चांगलं, डोहात मासे मेलेले

नमस्कार. कराड तालुक्यातल्या आमच्या गावचा ओढा पुढे कृष्णेला मिळतो. दिवाळीनंतर आम्ही आठ जण दर रविवारी सकाळी अकराला त्याचं पाणी तपासतोय. मी शाळेत विज्ञान शिकवते, बचत गटातल्या तिघी आहेत आणि बारावीची चार पोरं. जागा तीन ठरवल्यात: गावाच्या वर बंधाऱ्याजवळ, पुलाखाली आणि खाली मळ्याकडे वळण आहे तिथे. थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर आणि गढूळपणासाठी तळाला खूण असलेली लांब पारदर्शक नळी. पाणी ओतत जायचं, खूण दिसेनाशी झाली की उंची लिहायची. पोरांचं सगळ्यात आवडतं काम हेच. ग्रामपंचायतीतला जलजीवन मिशनचा संचही वापरून पाहिला, पण तो पिण्याच्या पाण्यासाठी आहे.

जानेवारीत एका मंगळवारी पहाटे फोन आला. पुलाखालच्या डोहात मासे उलटे पडलेले, पाणी काळपट, वास आंबूस. मी सातला पोचले. पीएच ७, टीडीएस ४१०. आदल्या रविवारी टीडीएस ३९० होता. म्हणजे वहीप्रमाणे पाणी ठीक, आणि समोर दोन पाट्या मासळी मेलेली. एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग आपण इतके दिवस मोजत काय होतो?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून टोचतंय.

वरच्या अंगाला ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, हंगाम जोरात आहे. गावात लोक नावं घेतात. मी घेणार नाही, कारण हातात काही नाही.

जाणकारांनी सांगावं: आमचं नेमकं काय चुकतंय? ऑक्सिजन मोजायला हवा एवढं कळतं, पण त्याचं मीटर आम्हाला परवडणारं नाही. आणि पुन्हा असं झालं तर पहिल्या तासात काय करायचं?

प्रतिसाद:

ताई, आधी एक सांगा, मेलेल्यांत मरळ होती का? मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. बाकीचे मेले आणि मरळ वाचली असेल तर ऑक्सिजन संपल्याचा संशय बळावतो. विष असतं तर ती सहसा वाचली नसती.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून क्षारांचा अंदाज देतं. फिल्टरच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवून बघा, आकडा जवळजवळ हलणार नाही. चिमूटभर मीठ टाका, लगेच उडी मारेल. उसाच्या रसाचं किंवा मळीचं पाणी आलं की जिवाणू ती साखर खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. तुमचं मीटर तिकडे बघतच नाही.

दुसरी चूक वेळेची. अकरा वाजता शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवत असतं. सगळ्यात कमी ऑक्सिजन उजाडायच्या आधी असतो. महिन्यातून दोनदा तरी पहाटे जा.

मीटर नको, विंकलर पद्धत करा, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायचा. ३०० मिलिलिटरची घट्ट बुचाची काचेची बाटली पाण्याखालीच भरा, एकही बुडबुडा राहता कामा नये. जागेवरच २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे ओढ्याकाठी उभ्या उभ्या कळतं. मग बाटली थंड, अंधारात ठेवून त्याच दिवशी जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्या, पुढचं टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून नेमकं प्रमाण काढणं) तिथेच. अझाइड विषारी आहे, हातमोजे घालून मोठ्यांनीच हाताळायचं, पोरांनी नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ५ मिलीग्रॅम ऑक्सिजनचा आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पोरांना दगड उलटायला लावा. शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या दिसल्या तर पाणी गेले काही आठवडे बरं आहे. नुसते लाल किडे वळवळत असतील तर नाही. मंगळवारी सोडलेलं पाणी रविवारपर्यंत वाहून जातं, पण त्या अळ्या तिथेच राहतात.

पुन्हा घडलं तर वेळ घालून फोटो, तिन्ही जागांचे नमुने, आणि त्याच तासात प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार कोर्टात चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुना. आपला आकडा त्यांना लवकर बोलवायला उपयोगी.

धागाकर्ती:

सर, मनापासून आभार. तुमचं वाचून त्या दिवशीचे फोटो पुन्हा उघडून बघितले. चिलापी आणि बारीक पांढरी मासळी आहे, मरळ एकही नाही. त्या दिवशी बचत गटातल्या एका ताई म्हणाल्याही होत्या की मरळ तोंड वर काढून फिरत होती. मी ते वहीत लिहिलं नाही, कारण आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. आता "लोकांनी काय पाहिलं" असा एक रकाना घातलाय.

साखर-मिठाचा प्रयोग काल नववीच्या वर्गात केला. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला जातोय. एकच विचारायचं राहिलं: बाटल्या आणि रसायनं कराडात किरकोळ मिळतील का, की साताऱ्याहून आणावी लागतील?