उंची १७२, वजन ८४, बूट १० नंबर. स्नोबोर्ड किती लांबीचा?

जुळेसोलापूरकर:
फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला जातोय, पहिल्यांदाच. बोर्ड तिथंच भाड्यानं घेणार. उभा धरल्यावर हनुवटीला लागेल तो आपला, असं सगळे सांगतात. त्या हिशेबानं मला १५० सेंमीचा येतो. बरोबर आहे का? सोलापुरात बर्फ फक्त रसवंतीत, करून बघायची सोय नाही.

कडेवरचा:
हनुवटी राहू द्या. बोर्ड वाकतो तो वजनानं. ८४ किलोला १५० आखूड पडेल. वेग आला की थरथरतो, मऊ बर्फात बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली जातं. १५७ ते १६२ तुमचं माप, त्यातही शिकाऊंनी १५७-१५८ चा, सहज वाकणारा घ्यावा.

खरी गोची रुंदीची आहे. १० नंबरी बुटाला बोर्डाची कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, २६ सेंमीच्या आसपास हवी. लांबीच्या आकड्यापुढं 'डब्ल्यू' छापलेला असतो तो रुंद बोर्ड. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बोर्डावर बूट जखडणाऱ्या पट्ट्यांत, आवळून बघा की: चवडा आणि टाच दोन्हीकडं सारखी, एक-दीड सेंमी बोर्डाबाहेर आली तर चालेल. तीन सेंमी आली, तर वळताना बोर्ड कडेवर उभा झाला की चवडा बर्फात घासतो, कड सुटते आणि माणूस तोंडावर.

मोजेवाले:
बुटाचं माप घरूनच काढून न्या. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा, अंगठ्यापुढं खूण करा, सेंमीत मोजा. स्नोबोर्डच्या बुटांचं मोंडो माप म्हणजे हाच आकडा. २८.५ आलं तर २८.५ च मागा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागं सरकावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे.

मोजे एकच जोड, पातळ लोकरीचे. उन्हाळ्याच्या गावचा माणूस थंडीच्या धास्तीनं दोन चढवतो. मग चुण्या पडतात, रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात.

जुळेसोलापूरकर:
१५८ डब्ल्यू नसला तर? १५५ डब्ल्यू की १६० साधा?

कडेवरचा:
१५५ डब्ल्यू. शिकताना आखूड बोर्ड खपतो, घासणारा चवडा नाही. ताजा बर्फ पडला असेल तर दोन्ही बाइंडिंग एकेक भोक शेपटीकडं, म्हणजे मागच्या टोकाकडं, सरकवून घ्या. आणि ताब्यात घेण्याआधी स्क्रू आवळलेत का ते हलवून बघा, भाड्याच्या बोर्डांचे बऱ्याचदा ढिले असतात.