मदत हवी आहे: गोवंडीतला वर्ग, सकाळचा धूर आणि उघड्या खिडक्या

मी गोवंडीत, शिवाजीनगरच्या बाजूला, एका शाळेत चौथीला शिकवते. पट ५२, सकाळ अधिवेशन. हिवाळ्यात सातला खिडक्या उघडल्या की पहिला आत येतो तो धूर. मागच्या गल्लीत लाकडावर चालणारी बेकरी आहे, पलीकडे देवनारचं कचऱ्याचं डंपिंग. २०१६च्या जानेवारीत डंपिंगला मोठी आग लागली तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पण मला रोजच्या धुराचं विचारायचंय. थंडीत निम्मा वर्ग खोकत असतो.

माझी स्वतःची मुलगीही चौथीतच, चेंबूरच्या खाजगी शाळेत. तिच्या वर्गात एसी आहे, एअर प्युरिफायर आहे. हवा तिथलीही फार चांगली नाही, पण तिच्या बाईंना खिडकी लावून घेता येते. मी लावली तर दोन पंख्यांखाली ५२ मुलं दहा मिनिटांत घामाघूम होतात. शिवाय आमच्याकडे टीबी खूप. वर्गातल्या दोन मुलांच्या घरी आत्ता औषधं चालू आहेत. खिडकी उघडी ठेवली तर धूर, बंद केली तर टीबी पसरायची भीती. हे सारखं मनात घोळतं.

मैत्रिणीचं हातात मावणारं पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजायचं यंत्र आणलंय. सव्वासातचा आकडा अकराच्या दुपटीहून जास्त येतो. त्यावर विश्वास ठेवावा का? आणि पंख्याला फिल्टर बांधतात तसं काही आमच्या वर्गात चालेल का? वर्गणी काढायची तर आधी खात्री हवी.

प्रतिसाद १
ताई, ही यंत्रं दमट हवेतले पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, त्यामुळे पहाटेचा आकडा फुगतो. तरी थंडीत सकाळी हवा जमिनीलगत साचते हेही खरंच. रोज एकाच जागी, फळ्यापासून लांब ठेवून मोजा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा त्याच वेळी टिपून ठेवा. पीएम २.५ची आपल्याकडची घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा (जागतिक आरोग्य संघटनेची १५) २४ तासांच्या सरासरीची आहे, एका नोंदीशी ताडू नका.

खिडक्या उघड्या असताना फिल्टरचा उपयोग नगण्य. वर्गणी काढू नका. परिपाठ वर्गात घ्या, कवायत ऊन तापल्यावर, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

बेकरीचं मात्र करता येईल. लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर जावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडून द्या. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या सह्यांना वजन येतं.

धागाकर्ती
खूप आभार दादा. परिपाठ उद्यापासून वर्गातच घेते. समितीची बैठक शनिवारी आहे.

एक अडचण आहे. माझ्याच वर्गातल्या तिघांचे वडील त्या बेकरीत भट्टीवर आहेत. धूर सगळ्यात जास्त तेच खातात. भट्टी गॅसवर जावी, पण बेकरी बंद पडू नये, असा अर्ज कसा लिहायचा? कुणाकडे मसुदा असेल तर कृपया इथे द्या, शनिवारच्या आत.