बघायला येतं कोण? हे लोक!

कॉलेजच्या बेसबॉलसाठी एवढं महागडं स्टेडियम कशाला, बघायला येतं कोण, असं कुणी विचारलं, तर त्याला हे उत्तर. अमेरिकेतल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचं ड्यूडी नोबल फील्ड हे बेसबॉल स्टेडियम बघा. स्टार्कव्हिल गाव छोटंसं, पण २०२३ मध्ये ओल मिस (त्याच राज्यातलं मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्धच्या सामन्याला १६,४२३ प्रेक्षक होते! २०१९ च्या हंगामासाठी सुमारे ६.८ कोटी डॉलर खर्चून हे स्टेडियम जवळजवळ नव्यानं उभारलं. खरी गंमत म्हणजे लेफ्ट फील्ड लाउंज, म्हणजे मैदानाच्या डाव्या बाजूच्या कुंपणामागची जागा. पूर्वी लोक कुंपणाबाहेर पिकअप ट्रक लावून, शेगडीवर मांस भाजत सामना बघायचे. नव्या बांधकामातही ती जागा राखली, हे मला सगळ्यात आवडलं. शिवाय मैदानाकडे तोंड केलेले चक्क फ्लॅट्स! (भाडं विचारू नका.) २०२१ मध्ये याच संघानं कॉलेज वर्ल्ड सिरीज (कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा) जिंकली, विद्यापीठाचं ते पहिलंच सांघिक राष्ट्रीय विजेतेपद.