नाताळच्या भेटी: यादी माणसांची करावी की घरांची?

प्रश्न: शिशिरा, मॅसॅच्युसेट्स

नमस्कार. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. घरात आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत. मोठी चौथीत आहे आणि धाकटा बालवाडीत. आतापर्यंत आमचा नाताळ म्हणजे मुलांच्या हौसेखातर आणलेले लहानसे झाड, त्याखाली दोन-चार खोकी आणि शाळेची सुट्टी, एवढाच होता. यंदा मात्र गोष्ट वेगळी आहे. नणंदेच्या मुलीचे लग्न गेल्या उन्हाळ्यात वूस्टरमधील एका आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात झाले आणि तिच्या सासूबाईंनी २५ डिसेंबरला सकाळीच आम्हां सर्वांना आग्रहाने घरी बोलावले आहे. नणंद आणि तिचे यजमान त्यासाठी पुण्याहून येणार आहेत.

भेटींची यादी करायला बसले आणि ती हाताबाहेर गेली. भाचीच्या सासरी सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद, त्या तिघांचे जोडीदार, पाच लहान मुले आणि आजी अशी चौदा माणसे आहेत. शिवाय भाची आणि जावई. त्याखेरीज दोन्ही मुलांच्या वर्गशिक्षिका, शाळेच्या बसचा चालक, टपाल आणून देणारे गृहस्थ, शेजारची तीन घरे, माझे कार्यालयातील सहकारी आणि मुलांचे मित्र धरले की आकडा चाळिशीच्या पुढे जातो.

नणंदेचे म्हणणे असे की व्याह्यांकडचा हा पहिलाच सण आहे, तेव्हा मानपानात काही कमी पडता कामा नये. ती लक्ष्मी रस्त्यावरून प्रत्येक जोडप्यासाठी चांदीची वाटी आणि बायकांसाठी पैठणीच्या कापडाचे बटवे आणणार आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. दिवाळीत सोसायटीत वाटतात तसे चॉकलेटचे चाळीस सारखे डबे आणावेत आणि मोकळे व्हावे, असे त्यांना वाटते. मला यांपैकी एकही पटत नाही, पण तिसरा मार्गही सुचत नाही. किती भेटी घ्यायच्या हे ठरवण्याची आपली काही रीत असल्यास कृपया सांगावी.

उत्तर: मेपल

आपली अडचण मी चांगली ओळखते, कारण माझ्या मुलीचे सासरही न्यू इंग्लंडमधले, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येते त्या अमेरिकेच्या ईशान्य भागातलेच आहे. काहीही विकत घेण्याआधी भाचीला फोन करून एकच गोष्ट विचारा: त्यांच्याकडे मोठी माणसे एकमेकांना भेटी देतात का, की चिठ्ठ्या टाकतात? पुष्कळ मोठ्या कुटुंबांत नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर मोठ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलल्या जातात आणि ज्याच्या वाट्याला जे नाव येईल त्या एकाच व्यक्तीसाठी भेट आणायची असते. काही घरांत त्याऐवजी यांकी स्वॅप हा खेळ असतो. प्रत्येकाने ठरलेल्या किमतीच्या आतली एक वस्तू वेष्टनात गुंडाळून आणायची, क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि आपली पाळी आली की ढिगातले नवे खोके उघडायचे किंवा दुसऱ्याने उघडलेली वस्तू सरळ मागून घ्यायची. पहिला क्रमांक आलेल्याला शेवटी पुन्हा एक संधी मिळते. या दोहोंपैकी कोणतीही पद्धत त्यांच्याकडे असेल, तर आपल्या यादीतली नऊ मोठी माणसे एका झटक्यात कमी होतात.

मात्र संख्या ठरवताना माणसे मोजू नका. भेट कुठे आणि कोणासमोर उघडली जाणार आहे, ते आधी पाहा. आपल्याकडे कोणी दिलेले पुडके पाहुण्यांसमोर फोडायची पद्धत नाही. आहेर नावासकट लिहून ठेवला जातो आणि पुढे त्याची परतफेड होते, पण तो सर्वांदेखत उघडला जात नाही. नाताळच्या सकाळी याच्या नेमके उलटे घडते. सगळे झाडाभोवती बसलेले असतात, कोणीतरी एकेक खोके उचलून त्यावरचे नाव वाचतो, ते उघडले जाते आणि बाकीचे पाहत राहतात. त्यामुळे कोणाला किती आले हे सर्वांना दिसते, आणि मुलांना तर ते लख्ख दिसते. तिथल्या पाच मुलांना आपण प्रत्येकी एकेक भेट दिली आणि आपल्या दोघांच्या नावाने तिथे चार-चार खोकी निघाली, तर ते बरे दिसणार नाही. आपल्या मुलांच्या भेटी घरीच, निघण्यापूर्वी उघडा आणि तिथे त्यांच्या नावाचे तेवढेच न्या, जेवढे इतर मुलांना आपण देणार आहात. धाकट्याचा सांतावर अजून विश्वास असेल, तर सांताच्या भेटीचा कागद आपल्या इतर भेटींच्या कागदापेक्षा वेगळा हवा. अशा गोष्टी बालवाडीतल्या मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत.

नणंदबाईंच्या चांदीच्या वाट्यांविषयी स्पष्ट लिहिते, राग मानू नये. समोरच्याकडे त्या तोलाची परतभेट तयार नसेल तर चांदी हा मान राहत नाही, ते ओझे होते. पंचवीस डॉलरांची मर्यादा पाळणाऱ्या घरात दिरांच्या बायकांसमोर चांदीची वाटी निघाली, तर त्या आभार मानतील आणि मनातल्या मनात हिशेब करू लागतील. मानाची भेट एकच असावी आणि ती विहीणबाईंसाठी असावी. ती झाडाखाली न ठेवता आदल्या संध्याकाळी किंवा पोहोचल्याबरोबर स्वयंपाकघरात त्यांच्या हाती द्यावी. आजींसाठी वेगळे काही हवे असल्यास मऊ शाल पुरे.

उत्तर: हिशेबनीस

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण घराबाहेरच्या यादीला थोडा नियमांचाही आधार आहे, तो सांगतो. टपाल आणून देणारे गृहस्थ संघराज्याच्या टपाल खात्याचे नोकर आहेत. त्यांना एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतचीच भेट घेता येते, रोख रक्कम मुळीच घेता येत नाही आणि एकाच व्यक्तीकडून वर्षभरात ५० डॉलरपेक्षा जास्त स्वीकारता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांना राज्याचा सदाचार कायदा लागू आहे. पालकाकडून ५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची भेट त्यांना घेता येत नाही. त्याऐवजी सगळ्या वर्गाने मिळून, कोणी किती दिले ते न सांगता, वर्षाला १५० डॉलरपर्यंतची एकत्र भेट देता येते. वर्गप्रतिनिधी पालक असे पैसे गोळा करत असतील, तर त्यांच्याकडे आपला वाटा द्या आणि मुलीच्या हातचे चार ओळींचे पत्र बरोबर पाठवा. बसचालकासाठी कॉफीच्या दुकानाचे लहानसे कार्ड पुरते, आणि कार्यालयात सर्वांच्या टेबलावर मिळून खाऊचा एक डबा ठेवला की झाले.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. मिळालेल्या वस्तूंची भावनिक किंमत बाजूला ठेवली तर त्या आपल्या लेखी किती मोलाच्या आहेत, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले. भेटींच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, असा त्याचा अंदाज निघाला. मित्रांच्या आणि जोडीदाराच्या भेटींत नुकसान सर्वांत कमी होते आणि दूरच्या नातलगांच्या भेटींत जास्त. अर्थशास्त्रज्ञांना भावना बाजूला ठेवणे फार सोपे जाते, हे मान्य. तरी आपल्या यादीपुरता त्याचा अर्थ घेण्यासारखा आहे. ज्या माणसाची आवड आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी वस्तू घेऊ नये. तिथे खाण्याची गोष्ट न्यावी किंवा काहीच नेऊ नये.

जाता जाता सांगतो. ज्या राज्यात आपण या काळजीत पडला आहात, तिथे १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. प्यूरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींना हा सण धर्माला सोडून वाटे. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, नाहीतर आपली यादी आपोआप कोरी राहिली असती.

उत्तर: मांडवीकाठ

मी गोव्याची आहे आणि आमच्याकडे हिंदू घरांतही नाताळ येतो तो शेजाऱ्यांच्या ताटातून. कॅथलिक शेजारीण क्रोशाच्या रुमालाखाली झाकून नेवऱ्या, दोदोल, कुलकुलां आणि बेबिंक्याचा एखादा तुकडा पाठवते. चतुर्थीला आणि दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाते. त्यात माणसे कोणी मोजत नाही. एका घराला एक ताट जाते, मग त्या घरात दोघे असोत किंवा दहा. ज्या घरात दुखवटा असतो तिथे त्या वर्षी गोड काही करत नाहीत, म्हणून शेजारी त्या घरी आवर्जून ताट पाठवतात.

शेजारच्या तीन घरांसाठी आपण हीच रीत धरावी असे मला वाटते. प्रत्येक घरी एक डबा द्या, आणि तो दुकानातला नको. शंकरपाळी आणि नारळाच्या वड्या चार दिवस आधी करून ठेवता येतात आणि थंडीत छान टिकतात. फक्त डब्यावर काय काय घातले आहे ते लिहावे, कारण अमेरिकेत पुष्कळ मुलांना शेंगदाणे, काजू, बदाम चालत नाहीत. चिवडा करणार असाल तर त्यातले दाणेही डब्यावर लिहायला विसरू नका.

प्रतिसाद: शिशिरा

सर्वांचे मनापासून आभार. भाचीशी बोलले. तिच्या सासरी मोठ्या माणसांचा यांकी स्वॅपच असतो, किमतीची मर्यादा पंचवीस डॉलर आहे, आणि मुलांना प्रत्येक घराकडून एकेक भेट मिळते. आजी खेळात बसत नाहीत, त्या कोणी काय पळवले यावर शेरे मारतात आणि त्यांच्यासाठी सगळे मिळून एक गोष्ट आणतात. त्यातला आमचा वाटा किती, ते भाची कळवणार आहे. तेव्हा त्या घरासाठी मुलांच्या पाच, खेळासाठी आम्हां दोघांच्या दोन आणि विहीणबाईंसाठी एक अशा आठच भेटी लागतील. भाची आणि जावई यांना वेगळे काही नको आहे, पण त्यांना आम्ही नवीन घरासाठी इडलीपात्र देणार आहोत, ते तिनेच मागितले आहे. शिक्षिकांसाठी वर्गाची एकत्र भेट आहे. मुलांच्या मित्रांची यादी पूर्ण काढून टाकली आहे. मुलगी त्यांच्यासाठी स्वतः शुभेच्छापत्रे करते आहे.

नणंदेला हे सांगणे मात्र अजून बाकी आहे. चांदीच्या वाट्या तिने आधीच घेऊन ठेवल्या आहेत. पाच जोडप्यांसाठी पाच. खेळात तिला आणि तिच्या यजमानांना मिळून दोन वस्तू लागतील. त्यासाठी एक वाटी चालेल का, असे तिने विचारले आहे.

उत्तर: मेपल

चांदीची वाटी खेळात मुळीच ठेवू देऊ नका. ती मर्यादेच्या बाहेर जाईल आणि ज्याच्या हाती लागेल त्याच्याकडून बाकीचे ती मागून घेत राहतील, मग हसण्याखिदळण्याचा खेळ उगाच गंभीर होऊन बसेल. पैठणीचे बटवे मात्र त्यासाठी उत्तम आहेत. दोन बटवे एका खोक्यात घालून ठेवले तर त्यासाठी नक्की ओढाताण होईल, आणि त्यामुळे नणंदबाईही खूश होतील. दुसऱ्या खोक्यात चहाचा मसाला आणि आल्याच्या वड्या घालाव्यात. एक वाटी विहीणबाईंना द्यावी. उरलेल्या चार परत करता येत नसतील तर जपून ठेवाव्यात. त्या घरात पुढेमागे बाळे होतील तेव्हा त्या अगदी योग्य प्रसंगी जातील, आणि तेव्हा त्यांचे कोणाला ओझेही वाटणार नाही.

मुलांच्या पाचही भेटींबरोबर दुकानातून किंमत न छापलेली पावती मागून घ्या आणि ती खोक्यातच ठेवा. इथे वस्तू बदलून घेण्यात कोणाला संकोच वाटत नाही आणि पुष्कळ दुकाने त्यासाठी जानेवारीपर्यंत मुदत देतात.