यशस्वी हँडिकॅपरचे अंदाज अभ्यासून सट्टा शिकता येतो का?

शेवटचा चेंडू (धागाकर्ता)
अमेरिकी फुटबॉलच्या म्हणजे एनएफएलच्या सट्ट्यात नवख्याला एक सल्ला हमखास मिळतो: कमावणाऱ्या हँडिकॅपरचे, म्हणजे सामन्यांचा अभ्यास करून कोणावर लावायचं ते सांगणाऱ्याचे, अंदाज रोज बघत जा, नजर तयार होईल. मला सल्ला पटतो, लोक तो ज्या तऱ्हेने पाळतात ते पटत नाही. लोक अंदाज उचलतात आणि पैसे लावतात. त्यातून कोण काय शिकणार?

आधी स्वतःचा आकडा काढायचा, मगच त्याचा उघडायचा. समजा एक संघ उणे अडीचवर आहे, म्हणजे त्याच्यावर लावलेले पैसे सुटायला तो किमान तीन गुणांनी जिंकला पाहिजे. माझ्या हिशोबाने तो जेमतेम एका गुणाने जिंकेल. हँडिकॅपरने मात्र त्याच्यावरच लावलेत. आता शोधा, त्याला काय दिसलं? दुखापतींची यादी? वारा? प्रतिस्पर्ध्याचा सलग दुसरा परगावचा सामना? बुद्धिबळात उस्तादाची पुढची चाल झाकून आपली चाल ठरवतात, तसंच हे.

आणखी एक. उणे अडीच आणि उणे साडेतीन यांत एकाच गुणाचा फरक दिसतो, पण फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) तीन गुणांचा असल्यामुळे बरेच सामने नेमके तीनाच्या फरकाने संपतात. जाणकार अडीच दिसताच का तुटून पडतात, हे मला त्यांच्या नोंदी बघूनच उमगलं.

बेरीज-वजाबाकी
असहमत. 'यशस्वी' हा शिक्का मारला कोणी?

नेहमीचा भाव उणे ११०, म्हणजे १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. नुसतं बरोबरीत सुटायला ५२.३८ टक्के अंदाज खरे ठरावे लागतात. ५५ टक्केवाला १०० सामन्यांत ५५०० जिंकतो, ४९५० हरतो. हातात ५५० डॉलर. म्हणजे ११,००० च्या उलाढालीवर पाच टक्के. हा फार चांगला माणूस झाला बरं का!

आता हजार जणांना नाणं उडवून प्रत्येकी १०० अंदाज करायला लावा. त्यांतले साधारण २८ जण ६० किंवा जास्त बरोबर काढतील. काहीही न कळता! तुम्ही ज्याचं वहीखातं उघडून बसलात तो या २८ जणांपैकी नाही कशावरून? त्याच्या अंदाजामागे कारण शोधाल तर सापडेलही. कारणं काय, नेहमीच सापडतात.

शेवटचा चेंडू
म्हणून तर मी जिंकले-हरले बघतच नाही. शेवटचा भाव बघतो, म्हणजे उणे अडीचसारखा गुणांचा आकडा सामना सुरू होण्याआधी जिथे थांबतो तो. तोवर सगळी माहिती आणि सगळा मोठा पैसा बाजारात उतरलेला असतो. जो वारंवार उणे अडीचला घेतो आणि भाव उणे साडेतीनवर बंद होतो, त्याला काहीतरी कळतं. हे ओळखायला जिंकण्या-हरण्याच्या टक्केवारीपेक्षा खूप कमी सामने पुरतात.

उंटावरचा
अहो पण तो अंदाज तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा साडेतीन झालेले असतात!

शिवाय धंदा कसा चालतो ते बघा. बऱ्याच टिप देणाऱ्यांना बुकीकडून कमिशन असतं. त्यांच्यामार्फत आलेलं गिऱ्हाईक जितकं हरेल तितका यांचा वाटा. काही तर निम्म्या गिऱ्हाइकांना एक संघ कळवतात, निम्म्यांना दुसरा. जी निम्मी जिंकली त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्धं-अर्धं. तीन आठवड्यांनी उरलेल्यांना वाटतं, देवमाणूस भेटला.

शेवटचा चेंडू
भाव निघून गेला तर गेला, मला तो घ्यायचाच नाहीये. शिकायचंय. टिप विकणारे भामटे असतात याबद्दल वाद नाही. त्यांच्याबद्दल मी बोलतच नव्हतो.

आडवाट
मग खऱ्या तरबेजांचं बोलू. बिली वॉल्टर्स १९८० च्या दशकात 'कॉम्प्युटर ग्रुप'मध्ये, म्हणजे संगणकाच्या हिशोबाने सट्टा लावणाऱ्या टोळीत होता. गणित मायकेल केंटचं, पैसे लावण्याची यंत्रणा वॉल्टर्सची. त्याची प्रसिद्ध युक्ती अशी: आधी उलट्या बाजूला थोडे पैसे लावून भाव हलवायचा आणि हलला की खऱ्या बाजूला मोठी रक्कम. त्याच्या मागोमाग पैसे लावणाऱ्यांना नेमकी चुकीची बाजू दिसायची. ज्याला खरंच कळतं तो तुम्हाला खरं कशाला दाखवेल?

याउलट बिल बेंटर. हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतींवर त्याने अफाट कमावलं आणि १९९४ मध्ये आपली पद्धत निबंधात मांडली. त्यातून लोक शिकले ते पद्धत वाचून. तो कोणत्या घोड्यावर लावत होता ते बघून नव्हे.

शेवटचा चेंडू
बेंटर तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! घोड्याची जुनी कामगिरी वगैरे धरून तो स्वतःचा अंदाज काढायचाच, पण त्यात लोकांनी लावलेला भावही मिसळायचा. कारण आपल्याला माहीत नसलेलं बरंच काही त्या भावात असतं. दुसऱ्याच्या मतातून माहिती पिळून काढणं म्हणजे हेच ना?

आडवाट
हजारो लोकांच्या पैशातून ठरलेला भाव आणि एका माणसाचा अंदाज, यांना एका पारड्यात घालताय.

सावध
सगळी हुशारी कबूल, पण एक राहतंय. ज्यांना खरंच जिंकता येतं त्यांच्या रकमेवर बरेच बुकी मर्यादा घालतात. हरणाऱ्याला मर्यादा नाही. 'मी अजून शिकतोय' म्हणत वर्षानुवर्षं पैसे घालवणारे मी बघतो. शिकायचंच असेल तर कागदावर शिका ना, पैसे कशाला लावायचे?

उंटावरचा
+१. पैसे न लावता कंटाळा येत असेल तर शिकण्याची आवड कितपत होती तेही कळेल.

शेवटचा चेंडू
कागदावर मान्य. पुढच्या हंगामात दर सामन्याला तीन रकाने भरतो: माझा आकडा, हँडिकॅपरचा आकडा, शेवटचा भाव. माझा आकडा शेवटच्या भावाच्या जवळ सरकत गेला नाही तर बेरीज-वजाबाकी म्हणतात ते खरं.

बेरीज-वजाबाकी
चालेल. पण चौथा रकाना घाला: ज्या सामन्यांत हँडिकॅपरचा आकडा मुद्दाम बघितलाच नाही, ते वेगळे. नाहीतर सुधारणा त्याच्यामुळे झाली की नुसत्या सरावाने, ते कळणार कसं? आणि शेवटचा भाव कोणत्या बुकीचा धरायचा, ते आत्ताच लिहून टाका.